दीड इंचाचं देणं

सांगलीत कृष्णेचं पाणी फुटांत मोजतात. आयर्विन पुलापाशी 40 फूट झालं की इशारा, 45 झालं की धोका. 2019 च्या ऑगस्टात ते 57 फुटांच्या वर चढलं, तेव्हा निम्मं शहर माळ्यावर आणि गच्चीवर बसलं होतं. माझ्यावर देवबागच्या एका मेस्त्रींचं ऋण आहे, ते मात्र इंचांत मोजायचं. दीड इंच. त्यांचं नाव छापलेलं त्यांना रुचणार नाही, तेव्हा इथेही मेस्त्रीच म्हणतो. आम्ही सगळे त्यांना तेच म्हणतो.

त्या महापुरात सगळ्यात जास्त टंचाई होती ती बोटींची. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं घेऊन निघालेली नाव उलटली आणि कितीतरी घरं उजाड झाली. ती बातमी ऐकलेला आमच्या भागातला माणूस आजही भरलेल्या नावेकडे साध्या नजरेनं बघू शकत नाही. पाणी ओसरल्यावर आमच्या मंडळानं ठरवलं, गणपतीचा खर्च कमी करायचा आणि स्वतःची बोट घ्यायची. वर्गणी जमली त्यात एक जुनी रबरी बोट आली. साधारण 14 फूट लांब, ॲल्युमिनियमच्या फळ्यांचा तळ, मागे इंजिन लावायला लाकडी आडवी फळी, म्हणजे ट्रान्सम, आणि त्यावर 25 घोड्यांचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड.

माझं शेतीपंपांचं दुकान आहे. इम्पेलर, सील, बेअरिंग हा रोजचा व्यवहार, म्हणून मशीन माझ्या गळ्यात आलं. हरिपूरला संगमाच्या वर बोट पाण्यात घातली. दोघं असताना ती बरी चालायची. सहा माणसं बसली की नाक आभाळाकडे, ढुंगण पाण्यात. इंजिन गुरगुरायचं, पण बोट स्वतःच्याच लाटेवर चढायची नाही, ती लाट ढकलत राहायची. मागून पाण्याचे फवारे ट्रान्समवरून आत यायचे. सगळ्यांचं एकच निदान: इंजिन कमी पडतंय, 40 घोड्यांचं घ्या. त्यासाठी पैसे नव्हते. शिवाय बोटीच्या आतल्या पाटीवर 30 घोड्यांच्या वर इंजिन लावू नये असं स्पष्ट छापलं होतं. कणकवलीचे माझे मेहुणे म्हणाले, देवबागला एक मेस्त्री आहेत, पर्यटकांच्या बोटींची मशीनं तेच बघतात, एकदा त्यांच्याकडे घेऊन या.

त्या हिवाळ्यात फोंडा घाटानं टेम्पो उतरवला. देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी जीभ, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. मेस्त्रींची शेड नदीच्या बाजूला, माडांच्या बुडाशी. मी मशीनच्या तक्रारी सांगायला लागलो. त्यांनी मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. बोट फुगवून झाल्यावर ती ओढून पाण्यात ठेवली, दहा-पंधरा मिनिटं तशीच राहू दिली आणि मग बाजूच्या हवेच्या नळीवर अंगठा दाबला. अंगठा चांगला आत गेला.

"हवा बघ पयली," ते म्हणाले. "बोट मऊ असली तर मशीनाक कित्याक दोष देतंस?"

उन्हात फुगवलेली बोट थंड पाण्यात टाकली की आतली हवा आकसते आणि दाब उतरतो. दाब उतरला की नळ्यांमध्ये बसवलेली ट्रान्समची फळी जोर लागताच मागे कलते, आणि फळी कलली की इंजिनाचा कोन बदलतो. पंप लावून, गेज बघून त्यांनी पुन्हा हवा भरली, पाव बारपर्यंत. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तेवढ्यावर नळी हाताला लाकडासारखी लागते. मी इतकी वर्षं पंप विकतोय, दाबाचं शास्त्र मला नवं नव्हतं. तरी बोटीची हवा हाही इंजिनाचाच एक भाग आहे हे त्यांनी दाखवेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग त्यांनी बोट पुन्हा किनाऱ्यावर घेतली, उलट्या क्रेटवर चढवली आणि एक लांब ॲल्युमिनियमची पट्टी तळाला लावून मागे इंजिनाच्या पायापर्यंत नेली. पंख्याच्या, म्हणजे प्रॉपेलरच्या, डोक्यावर एक आडवी पट्टी असते. मेकॅनिक तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. वरची हवा पंख्यापर्यंत उतरू नये हे तिचं काम. ही पट्टी बोटीच्या तळाच्या आसपास असावी लागते. आमची तळापेक्षा पूर्ण दोन इंच खाली होती.

आउटबोर्डचे पाय ठरलेल्या लांबीचे येतात: आखूड 15 इंची, लांब 20 इंची, त्याहून लांब 25 इंची. आमचा ट्रान्सम 15 इंच, इंजिनही कागदावर 15 चं. जोडी बरोबर दिसत होती. पण मेस्त्रींनी क्लॅम्पच्या आतल्या खाचेपासून प्लेटपर्यंत टेप लावली तर 17 भरले. हे त्यांना नवीन नव्हतं, आखूड म्हणून विकलेले पाय इंच-दोन इंच जास्त निघतात असं त्यांनी सांगितलं. टेप माझ्या हातात देऊन त्यांनी मला पुन्हा मोजायला लावलं. 17 च.

दोन इंचांनी काय होतं? इंजिनाचा पाय म्हणजे पाण्यात उभा धरलेला धातू. जेवढा खोल, तेवढं पाणी त्याच्यावर आपटणार. तेच पाणी फवारा होऊन आत येतं, तेच बोटीचं ढुंगण धरून ठेवतं. टिलर, म्हणजे बोट वळवायचा दांडा, हाताला जड लागतो. पेट्रोल जळतं ते या ओढीत जळतं. म्हणून वर घ्यायचं. पण किती, हा सगळा प्रश्न, कारण वर घेण्याची किंमत वेगळी असते.

मेस्त्रींनी सागवानाची जाड पट्टी कापली. ट्रान्समच्या वरच्या कडेवर ती ठेवून त्यावर इंजिन बसवलं, अडीच इंच वर. क्लॅम्पच्या चकत्या अजून फळीला पुरेशा धरतायत ना हे बोट घालून पाहिलं. इंजिनाला साखळी लावली. मग कर्लीच्या शांत पाण्यात आम्ही दोघं निघालो. फवारा गायब. बोट क्षणात लाटेवर चढली आणि सुटली. मला वाटलं, काम झालं. मेस्त्रींनी मला वळण घ्यायला सांगितलं. बोट कललेली असताना अचानक इंजिन किंचाळलं, फेऱ्या भलत्याच चढल्या आणि बोट मात्र जागच्या जागी ढिली पडली.

"पंख्याक वारो गावता. म्हणान तो बोंबलता."

रबरी बोटीत हा आजार जास्त, कारण तळ सपाट. बोट घसरत वळते आणि पंख्यापुढचं पाणी फेसाळतं. लाकडी होडीसारखी खोल कणा असलेली बोट पाणी कापून स्वच्छ मागे देते, ही तसं देत नाही. तळाखाली फुगवलेली उभी नळी असेल तर तिच्यामागून निघालेले बुडबुडे थेट पंख्यावर येतात. म्हणून मोठ्या बोटींच्या पुस्तकातला नियम इथे जसाच्या तसा लावता येत नाही. मेस्त्रींनी आणखी एक भेद समजावला, जो मला पंपांमुळे पटकन कळला. पंख्याच्या पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की तिथलं पाणी थंड असतानाच उकळतं, त्याचे बुडबुडे फुटून पातं खातात, ते कॅव्हिटेशन. आणि वरची हवा किंवा एक्झॉस्टचा धूर पंख्यात शिरतो, ते वेगळं. पहिल्याला पातं दुरुस्त करायचं किंवा बदलायचं. दुसऱ्याला इंजिन खाली घ्यायचं. आवाज ऐकून दोन्ही सारखेच वाटू शकतात, म्हणून माणसं नको तिथे पैसे घालतात.

एक इंच खाली घेतलं. पुन्हा नदीत. या वेळी टिलर मेस्त्रींनी धरला आणि मला मागे वाकून पट्टी बघायला सांगितलं. बोट सरळ पळत असताना प्लेट जेमतेम पाण्याखाली होती, तिच्यावरून पाण्याचा पातळ, गुळगुळीत पापुद्रा सरकत होता. वळताना पाणी तिला झाकत होतं. फवारा नाही, बोंब नाही. इंजिनाच्या बाजूनं थंड करणाऱ्या पाण्याची धार अखंड पडत होती. तीही तपासायचीच असते, कारण इंजिन फार वर गेलं की पाणी ओढायची जाळीसुद्धा हवा पिते, पंपाचा रबरी इम्पेलर कोरडा फिरतो आणि जळतो. मुळापासून मोजलं तर दीड इंच वर आलो होतो.

तेवढ्यावर कुणीही थांबलं असतं. मेस्त्रींनी प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर काढला. वाडीतली पाच-सहा पोरं लाइफ जॅकेट घालून बोटीत बसवली. त्या पोरांना यात इतका आनंद होता की शेवटी त्यांना उतरवणं अवघड झालं. भरलेली बोट, थ्रॉटल पूर्ण. आकडा 4600. सांगलीत हाच आकडा 4300 च्या आसपास अडकत असणार असं ते म्हणाले. इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला 5000 ते 6000 लिहिलं होतं. म्हणजे मशीनला श्वास घ्यायला जागाच नव्हती. असं दमछाक करून चालवलेलं टू-स्ट्रोक आतून तापतं आणि पिस्टन खराब करतं, दिसायला मात्र बिचारं शांत दिसतं.

शेडमध्ये एका पत्र्याच्या पेटीत त्यांच्याकडे पंखे होते. काही सरळ केलेले, काही घासून पाती बारीक केलेले. प्रत्येक पंख्यावर दोन आकडे असतात: पहिला व्यास किती इंचांचा, दुसरा पिच. लाकडात स्क्रू पिळला तर एका फेरीत तो किती आत जाईल, ते पिच. आमच्या पंख्याचं 12 होतं. मेस्त्रींनी 10 चा काढला. एक इंच पिच कमी केलं की फेऱ्या साधारण दीडशे-दोनशेनं वाढतात, म्हणजे इथे तीन-चारशेची आशा. पोरं पुन्हा बसली. आकडा 5000 ओलांडून थांबला, आणि बोट भरल्या अंगानं लाटेवर चढली. नाक अजून थोडं वर होतं. मेस्त्रींनी ट्रान्समपाशी इंजिनाचा कोन धरणारी पिन एका भोकानं आत घेतली, पाय बोटीकडे सरकला, नाक खाली बसलं.

मी हिशेब मांडला. मशीनच्या फेऱ्या 5200 धरल्या आणि गिअरमुळे पंख्याच्या निम्म्या, म्हणजे 2600. प्रत्येक फेरीला 10 इंच. मिनिटाला 26,000 इंच, म्हणजे सुमारे 660 मीटर, तासाला जवळपास 40 किलोमीटर. फक्त आम्ही दोघं असताना जीपीएसवर 31 दिसत होते. बावीसेक टक्के पाण्यात घसरले. मला ते नुकसान वाटलं. मेस्त्री म्हणाले, घसरल्याशिवाय पंखा ढकलतच नाही, रबरी बोटीत एवढी घसर चालायचीच. मी विचारलं, 12 च्या पंख्यानं रिकामी बोट जास्त पळाली असती ना?

"वेग कोणाक होयो? तुका माणसां आणूची आसत."

त्या एका वाक्यानं आमच्या बोटीचं सगळं गणित ठरलं. हौशी माणूस रिकाम्या बोटीवर पंखा बसवून बघतो, कारण बोट दुकानातून आणल्या दिवशी रिकामीच असते. पुरातली बोट जाताना रिकामी आणि येताना ओझ्यानं भरलेली. मोजायचं ते येतानाचं. मला हे आजही या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि बोट विकत घेणाऱ्या प्रत्येक मंडळाला मी ते आवर्जून सांगतो.

पंखा ॲल्युमिनियमचाच ठेवला. स्टेनलेस स्टीलचा पातळ, ताकदीचा, वेगाला चांगला. पण पुराच्या पाण्याखाली काय नसतं? कुंपणाच्या तारा, मोटरसायकली, घाटाच्या पायऱ्या. ॲल्युमिनियमचं पातं वाकतं आणि गिअर वाचवतं. वाकलेला पंखा पाच मिनिटांत बदलता येतो, तुटलेला गिअर नाही. म्हणून बोटीत दुसरा पंखा, पाना, दोन-चार स्प्लिट पिना, सगळं दोरीला बांधून. नट पाण्यात पडला तर दिवस गेला.

पुढे केव्हातरी वाचताना मला फ्रान्सिस पेटिट स्मिथची हकीकत सापडली. हा इंग्लंडातला शेतकरी, जहाजाला स्क्रू लावायची कल्पना घेऊन बसलेला. 1837 साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात त्याची बोट चालू असताना लाकडी स्क्रू कशावर तरी आपटला आणि अर्धा तुटला. दोन पूर्ण वेढ्यांचा एकच राहिला, आणि बोट थांबायच्या ऐवजी वेगानं पळायला लागली. मी हे मेस्त्रींना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की त्यांना शिकवणारा माणूस असलेल्या पंख्याची पाती घासून बारीक करायचा, ते असंच. तो नौदलातून निवृत्त झालेला, जेमिनी म्हणतात त्या रबरी बोटींवर आयुष्य काढलेला. मेस्त्रींनी त्याच्या हाताखाली पोरवयात काम केलं होतं. पगार मिळत नसे, जेवण मिळे. तेव्हा मला कळलं की देवबागला त्या दिवशी दुपारी मेस्त्रींच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, आम्हाला माशांचं जेवण वाढलं, आणि मेस्त्री जेवल्याशिवाय हलू देईनात, त्यामागे काय होतं.

त्या हिवाळ्यात देवबागहून निघताना मी पैशांचं पाकीट पुढे केलं होतं. सागवान, पंखा, पूर्ण दोन दिवस.

"पैशे नको. तुमच्या थंयची हळद धाडून दी."

पंख्याचे पैसे मी मेहुण्यांच्या मार्फत नंतर पोचवलेच, त्यावरून ते रागावले. हळद मात्र दर वर्षी जाते. चांगली, राजापुरी, मार्केट यार्डात स्वतः बघून घेतलेली.

2021 च्या जुलैत कृष्णा पुन्हा पन्नास फुटांच्या वर गेली. मिरज तालुक्यातल्या एका गावात आम्हाला वस्तीवरून माणसं काढायची होती. ऊस पूर्ण पाण्याखाली, फक्त शेंडे हलताना दिसायचे, आणि त्यावरूनच प्रवाहाची दिशा कळायची. घराच्या दारापाशी बोट न्यायची ती नाक प्रवाहाकडे धरून. दोन म्हाताऱ्या, एक बाळंतीण तिच्या बाळासह, शाळकरी मुलगा आणि मंडळातले आम्ही दोघं. वस्ती सोडली की उघड्या शेतावरून पाण्याचा जोर आडवा यायचा, आणि नेमकं तिथेच वळण घ्यावं लागायचं. टिलर माझ्याकडे होता. भरलेली बोट, आडवा प्रवाह, कललेलं वळण: इंजिन किंचाळायला याहून योग्य जागा नाही. मी कान देऊन बसलो होतो. आवाज बदलला नाही. एकसुरी, भरलेला, तसाच राहिला. बाजूनं धार पडत होती. बाळंतिणीनं डोळे मिटले होते, मुलगा मात्र माझ्याकडे टक लावून बघत होता.

नंतरच्या एका फेरीत पंख्यात लुगडं गुंतलं. इंजिन बंद, दोरी झाडाला, पाय वर उचलला, विळ्यानं कापून काढलं. पंखा काढून मागचा दांडा तपासला, कारण तिथे दोरा गुंडाळला गेला तर सील कापलं जातं आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. हेही त्यांचंच शिकवणं. हे सगळं माझ्या हातांनी केलं खरं, पण त्या वेळी हात कुणाचे होते ते मला ठाऊक आहे. त्या रात्री मोबाइलला रेंज आली तेव्हा घरी फोन करायच्या आधी मी देवबागला लावला. काकींनी उचलला. आम्ही सुखरूप आहोत एवढंच सांगितलं, त्या म्हणाल्या, ते झोपले नाहीत, टीव्हीवर सांगली बघत बसले आहेत.

मेस्त्री आता थकले आहेत. नदीवर जात नाहीत, शेडमध्ये बसून धाकट्या मुलाला सांगतात. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळातला एक मुलगा महिनाभर त्यांच्याकडे राहून आला. तो परत आला तेव्हा त्याच्या बोलण्यात थोडी मालवणी आणि पिशवीत जुन्या पंख्यांची एक पेटी होती. त्या पेटीचे पैसे देण्याचा विषय मी काढला नाही.

आता मंडळाची दुसरी बोट आली आहे, थोडी मोठी. हिचा ट्रान्सम 20 इंच, इंजिनाचा पाय लांब. त्या मुलानं क्लॅम्पपासून प्लेटपर्यंत टेप लावली तर साडेवीस भरले, तळाला पट्टी धरली तर प्लेट अर्धा इंच खाली. पंखा कुठला, ते अजून ठरलेलं नाही. फोटो देवबागला पाठवला आहे. त्यांनी आवाजी निरोप धाडला की फोटोवरून आपण काही सांगणार नाही, आधी आठ माणसांइतकं वजन भरा, फेऱ्यांचा आकडा घ्या आणि मग फोन करा. वाळूची पोती भरून ठेवली आहेत. रविवारी सकाळी हरिपूरला बोट पाण्यात घालतोय.